दहाच्या नोटेचा उजवा तुकडा

शिरपूर जैन
२१ जुलै २०२५

प्रिय सनू,

अक्षर ओळखलंस ना? अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बिआट्रिस आम्हाला शिकवायच्या, पत्ता उजव्या कोपऱ्यात, खाली तारीख, मग एक बोट जागा सोडून मायना. मी खरंच बोट ठेवून जागा सोडली आहे. एवढं जमलं, पुढचं सुचेना, म्हणून हा कागद चार दिवस कणकेच्या डब्याखाली होता.

तू कामरगावला राहतेस हे मला रंगूबाईनं सांगितलं. अजून तीच येते भांड्यांना. तिची भाची रंजीता तिकडे दिली आहे. रंगूबाई भांडी घासता घासता म्हणाली, "वयनी, तुमची सनू दिसली आमच्या रंजीताले. झेरॉक्स न् ऑनलाइन फारमाचं दुकान हाय म्हने तिचं. पोरगी बी हाय एक, सा वर्साची. कान डिट्टो मालकाचे!"

मी म्हटलं, "कान कशाला बघायला गेली ती?"

"आता चोरून पाहाचं म्हटल्यावर कानच दिसतीन ना. तोंड कसं दिसन!"

मी हसले. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

नातीचं नाव रंजीताला विचारता आलं नाही. तू लिहिशील का?

इकडचं सांगते. बाबा जानेवारीत न्हाणीत पडले, खुब्याचं हाड मोडलं. वाशीमला ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन चालतात, पण बहुतेक वेळ पेढीवरच्या गादीवर बसून असतात आणि हाक मारण्याऐवजी वॉकर जमिनीवर आपटतात. एकदा आपटला की पाणी, दोनदा म्हणजे मी, तीनदा म्हणजे अल्बम. मंदिरात जायला मला चाळीस मिनिटं मिळतात. एक्केचाळिसाव्या मिनिटाला फोन येतो, सोबत येणाऱ्या शेजारच्या काकूंच्या फोनवर. आमच्याकडे फोन एकच, तो बाबांच्या उशाशी असतो.

अल्बम तोच, इंग्रजांच्या राज्यातल्या नोटांचा. आता एकशे बेचाळीस झाल्या. पंचम जॉर्जच्या, सहाव्या जॉर्जच्या, एक रंगूनची. प्रत्येकीखाली इंग्रजी पट्टी अजून मीच लिहिते. साबणानं हात धुवायचे, कोरडे करायचे, मग पान उलटायचं. तू लहानपणी म्हणायचीस, "देवाला तरी आपण इतके हात धुऊन शिवतो का, आई?"

गेल्यावर तू पत्र पाठवलं होतंस की नाही, मला माहीत नाही. या घरातलं टपाल आधी पेढीवर बाबांच्या हातात जातं. तुला उत्तर द्यावंसं वाटलं तर रंगूबाईच्या नावानं पाठव, बसस्टँडमागे, शिरपूर. आपला पोस्टमन पायरीवर उभा राहून नाव मोठ्यानं पुकारतो, अजूनही.

जावईबापूंना, संघदीपरावांना नमस्कार सांग. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

तुझी
आई

* * *

३ ऑगस्ट २०२५

प्रिय सनू,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. पण मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं आणि एक सांगायचं टाळलं. पत्र लिहायला बसले, त्याचं कारणच मी टाळलं.

जुलैच्या मध्यात अमरावतीहून उदयसिंग नावाचे एक गृहस्थ आले होते. तेही जुन्या नोटा जमवतात. बाबांनी वॉकर तीनदा आपटला. मी अल्बम दिला, चहा ठेवला. उदयसिंगांनी पान उलटत उलटत मधोमध कापलेल्या दहाच्या नोटेच्या तुकड्यापाशी बोट थांबवलं.

"शेटजी, अठराशे सत्त्याण्णवच्या आधीची, एका बाजूनं छापलेली! डावा तुकडा तर एक नंबर आहे. जोडीचा कुठंय?"

"पोरीनं नेला," बाबा म्हणाले. "घर सोडून गेली, तवा चोरून नेला."

"काय सांगता! दोन्ही तुकडे म्हणजे मोठी चीज होती."

"तिले घराची किंमत नाही समजली, नोटेची काय समजन!"

मी ट्रे घेऊन दारात उभी होते. आत गेले आणि त्या परक्या माणसाला विचारलं, "साखर किती?"

एवढंच बोलले मी, सनू.

त्या नोटेची गोष्ट तुला पाठ आहे. तरी लिहिते, कारण माझी बाजू तिथूनच सुरू होते. बाबांचे पणजोबा रुईचा व्यापार करायचे. मुंबईच्या अडत्याला पैसे पाठवायचे तर तेव्हाच्या रीतीनं नोट मधोमध कापायची. एक तुकडा टपालानं धाडायचा. तो मिळाल्याची पोहोच आली, की मगच दुसरा. वाटेत कुणी चोरला तरी अर्ध्या कागदाचा त्याला उपयोग नाही. पणजोबांनी दहाच्या नोटेचा उजवा तुकडा पाठवला आणि महिन्याभरानं पाकीट तसंच परत आलं. अडत्या प्लेगमध्ये गेला होता. पणजीबाईंनी ते पाकीट चिमट्यानं धरून कडुनिंबाच्या धुरावर फिरवलं आणि पत्र्याच्या डब्यात बंद केलं. घरात कुणी त्याला हात लावेना. तो धुराचा तपकिरी डाग उजव्या तुकड्यावर अजून आहे. तुझ्याजवळ आहे, म्हणून तुला माहीतच आहे.

तुझ्याजवळ आहे, कारण मी तो तुला दिला.

हे वाक्य मी आधी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून पाहिलं. मग इथे उतरवलं.

संघदीपरावांशी लग्न करायला तू निघालीस ती डिसेंबरातली पहाट. त्याच्या महिनाभर आधी पाचशेच्या नोटा बंद झाल्या होत्या. साबुदाण्याच्या डब्यात मी तुझ्यासाठी चौतीस नोटा साठवल्या होत्या, त्या सगळ्यांसमोर बाहेर काढाव्या लागल्या. "बायको नाही, बँक हाय माही!" म्हणून बाबा हसले आणि त्यांच्या खात्यात भरून आले. तू मागच्या दारात उभी राहिलीस, तेव्हा माझ्या हातात द्यायला काही म्हणजे काही नव्हतं. अंगावरचं सोनंही बाबांच्या लॉकरमध्ये. चावी तेवढी कंबरेला होती, अल्बमच्या कपाटाची. मी उजवा तुकडा काढला, तुझ्या पुस्तकात घातला आणि म्हटलं, "पोहोचलीस की पोहोच दे. दुसरा तुकडा घेऊन मी येईन."

दुपारी बाबांनी अल्बम उघडला. मला विचारलं, "चाबी कुठं होती?"

मी म्हटलं, "खुंटीवर."

तो एकच शब्द. बाकीचं त्यांनी जोडून घेतलं आणि दिवेलागणीपर्यंत सगळं शिरपूर तुला चोर म्हणायला लागलं.

आणि तुझं पत्र आलं होतं. मार्चमध्ये. बाबा वाशीमला बाजार समितीत गेले होते, पोस्टमननं माझ्या हातात दिलं. चार ओळी होत्या. "पोहोचले. तुकडा नीट आहे. मला तिकडे चोर म्हणतात असं कळलं. आई, बाबांना खरं सांग." शाळेत मला सुलेखनाचं पदक मिळालं होतं, त्याच्या पेटीत ते पत्र ठेवलं आहे. साडेआठ वर्षं झाली. घडीवर कागद फाटायला आला आहे.

का सांगितलं नाही? घराबाहेर काढतील याची भीती होती. पण खरं सांगू का, काढणार नाहीत आणि रोज बोलतील, याची भीती त्याहून जास्त होती.

रागावलीस तरी चालेल. पत्र फाडू नकोस एवढंच.

आई

* * *

२६ ऑगस्ट २०२५

प्रिय सनू,

तुझं पाकीट मिळालं. रंगूबाईनं तूरडाळीच्या पिशवीतून आणलं आणि ओट्यावर ठेवत मोठ्यानं म्हणाली, "डाळ निवडून घ्या वयनी, खडे हायेत!" बाबांना ऐकू जावं म्हणून.

पाकिटात तुकडा होता आणि एक चिठ्ठी. "ही तुमची वस्तू. आता मला चोर म्हणणं थांबवा. सन्मती."

तुमची. मी तो शब्द पुष्कळ वेळ बघत बसले. लहानपणापासून मला तू म्हणत आलीस. आज माझी गणती त्यांच्यात केलीस. बरोबरच आहे.

मुंबईहून परत आलेला तो तुकडा, आता कामरगावहूनही परत आला. डाग तसाच आहे. कडा तू किती जपल्यास. एक कोपराही दुमडला नाही.

मला वाटलं, वाट सापडली. पर्युषण तोंडावर आलं होतं, घर झाडायचंच होतं. रविवारी मी कपाट पुढे ओढलं, मागच्या भिंतीशी वाकले आणि ओरडले, "अहो, हे बघा काय सापडलं!" पासष्टाव्या वर्षी मी नाटक केलं, सनू. बरं केलं असावं.

बाबांनी दोन्ही हात पुढे केले. "सापडला? अवं, खरंच सापडला?" त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं, पुसले, दोन्ही तुकडे शेजारी ठेवले. दोन्हीकडचे नंबर भिंगातून ताडून पाहिले. मग उदयसिंगांना फोन लावला. "जोडी झाली! या, पंधरा तारखेले या पाहाले!"

मी वाट बघत होते. ते फोन ठेवतील आणि तुझं नाव घेतील. म्हणतील, पोरीला उगाच बोललो. पाच वाजले, साडेपाच वाजले. सूर्य मावळायच्या आत जेवायला बसले, तेव्हा मीच म्हटलं, "म्हणजे सनूनं नेला नव्हता."

"वरण वाढ."

वाढलं.

"नोट सापडली म्हून का पोरगी वापस येते?" ते ताटाकडे बघत म्हणाले. "तो इशय येगळा हाय."

म्हणजे विषय नोटेचा नव्हताच कधी. इतकी वर्षं मी समजत होते की माझ्या एका शब्दानं तुझं दार बंद झालं आणि दुसऱ्या शब्दानं ते उघडेल. म्हणून तो दुसरा शब्द मी जपून ठेवला होता. आता तोही खोटाच खर्च केला आणि दार तसंच आहे.

रंगूबाईला सगळं सांगितलं. ती राख हातात घेऊन माझ्याकडे बघतच राहिली. "वयनी, तुमी तं कमाल केली. चोरी बी नाही, चोर बी नाही, न् माल बी घरात. मंग पोरगी काहून बाहेर?"

मी डाळीतले खडे निवडत राहिले.

रविवारपासून दोन्ही तुकडे एकाच प्लास्टिकच्या खिशात आहेत. बाबा दिवसातून चार वेळा वॉकर तीनदा आपटतात. मी पान उघडून धरते. पट्टी बदलायला सांगितली आहे, "पूर्ण जोडी" असं इंग्रजीत लिही म्हणाले. मी अजून लिहिलेली नाही. शाई संपली, असं सांगितलं आहे.

आई

* * *

९ सप्टेंबर २०२५

प्रिय सनू,

काल क्षमावाणी झाली. तू घरात होतीस तेव्हा पाकिटांवर तिकिटं चिकटवायचं काम तुझं असायचं, आठवतं? जिभेला गोड लागतं म्हणायचीस. अजूनही बाबा छापील कार्डं काढतात, "वर्षभरात कळत नकळत आमच्याकडून काही दुखावलं गेलं असेल तर उत्तम क्षमा." या वर्षी एकशे ऐंशी. लोक हल्ली मोबाईलवर पाठवतात, बाबांना ते पटत नाही. पत्ते मी घालते, सही ते करतात. अडते, वकील, वाशीमचे डॉक्टर, ज्यांच्याशी कोर्टात भांडले त्यांनासुद्धा कार्ड जातं. आठ वर्षं मी हे पत्ते घातले आणि त्यात कामरगाव नव्हतं.

या वेळी एक कार्ड जास्त लिहिलं आणि गठ्ठ्याच्या मध्ये सरकवलं. बाबा सह्या करत आले आणि तिथे थांबले.

"हे कोन?"

"आपली."

त्यांनी कार्ड बाजूला सारलं. "क्षमा मागाची तं चूक पाहिजे. म्या काय चूक केली?"

"तुम्ही नाही. मी केली," मी म्हटलं. बसून बोलता येईना, म्हणून उभी राहिले. "तो तुकडा तिनं नेला नव्हता. मी दिला होता. चावी खुंटीवर नव्हती. कपाटामागेही काही सापडलं नाही. तिनं टपालानं परत पाठवला, तो मी तिथे ठेवला."

मला वाटलं, वॉकर येईल अंगावर. नाहीतर फोन करून चार माणसं बोलावतील. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मले मालूम हाय."

"काय माहीत आहे?"

"सगळं. त्याच दिवसापासून. लगन झाल्यापासून चाबी तुया कंबरेले हाय, ते खुंटीवर कवा गेली? न् कपाटामागं नऊ वर्सं पडेल कागदाले कसर लागत नाही व्हय? मी नोटा पाहातो, अवं. आंधळा नाही झालो अजून."

"मग तिला चोर का म्हणत होतात? साऱ्या गावात? त्या परक्या माणसासमोर?"

मंदिरातली गर्दी परतत होती, रस्त्यावर लोक एकमेकांना हात जोडत होते, पोरं हसत होती. बाबा त्या आवाजाकडे तोंड करून म्हणाले,

"तुले चोर म्हटलं असतं, तं तू राह्यली असती का इथं?"

सनू, मी हे वाक्य तुझ्यासाठी जसंच्या तसं लिहिलं आहे. त्यात प्रेम आहे की काय आहे, ते मला कळलेलं नाही. कालपासून मी त्याच्याभोवती फिरते आहे. एवढं कळलं की मला या घरात ठेवून घ्यायला तुझं नाव खर्ची पडलं. ते त्यांनी खर्च केलं आणि मी करू दिलं. मी गप्प आहे हे त्यांना माहीत होतं. ते गप्प आहेत हे मात्र मला माहीत नव्हतं. ताटाला ताट लावून आम्ही नऊ वर्षं जेवलो.

मी कंबरेची चावी काढली, कपाट उघडलं आणि हात न धुता उजवा तुकडा बाहेर काढला. हात धुतले नाहीत हेच त्यांना जास्त लागलं असावं.

"कुठं नेतं?"

"ज्याचा आहे त्याला पाठवते."

"उदयसिंग पंधरा तारखेले येऊन राह्यला. त्याले काय सांगू?"

"सांगा, पोरीनं चोरला नव्हता. तिच्या आईनं दिला होता. आणि आता पुन्हा दिला."

"लोकं हासतीन."

"हसू द्या."

ते कार्ड अजून गादीवर पडून आहे, बिनसहीचं. ते मी तुला पाठवत नाही. बाबांची क्षमा बाबांनी मागायची. त्यांनी सकाळी ते एकदा हातात घेतलं होतं, एवढं मी पाहिलं. जास्त सांगत नाही, कारण जास्त काही घडलं नाही.

माझी मी मागते. तीन अक्षरांचं पत्र लिहायला मला पावणेनऊ वर्षं लागली. ते पत्र, "मी दिला," हे होतं. तू क्षमा कर असं म्हणणार नाही. तुला वेळ हवा असेल तर माझ्याइतकाच घे. फक्त माझं वय लक्षात ठेव.

सोबत उजवा तुकडा आहे. या खेपेला पाकीट मी स्वतः रजिस्टर करणार आहे. मंदिराची चाळीस मिनिटं आहेत. पोस्टात रांग असली तर पन्नास होतील. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं आहे, फोन आला तर सांगा, ती पोस्टात आहे.

आता रीत तुला ठाऊक आहे. पहिला तुकडा मिळाला की पोहोच द्यायची. पोहोच आली की मी दुसरा घेऊन निघेन. सकाळची वाशीम गाडी, तिथून मंगरूळपीर, मग कारंजा, मग कामरगाव. मी सगळं विचारून ठेवलं आहे. डावा तुकडा अजून अल्बममध्ये आहे आणि चावी माझ्या कंबरेला आहे. दोन दिवस रंगूबाई इथे राहीन म्हणते. "जा तुमी बिनघोर. मालकानं वॉकर आपटला तं मी लाटनं आपटीन!" बाबांनी ऐकलं.

पोहोच आली नाही तर मी समजेन. मग हा तुकडा तुझ्याजवळच राहू दे आणि डावा इथे. तसेही ते शंभर वर्षांवर वेगळेच राहिले आहेत. पण नातीचं नाव तेवढं कळव, कोऱ्या कार्डावर एकच शब्द लिहिलास तरी चालेल.

आणि एक. उत्तर रंगूबाईच्या पत्त्यावर पाठवू नकोस. या घराच्या पत्त्यावर पाठव, वर माझं नाव लिही. पोस्टमन पायरीवर उभा राहील आणि नेहमीसारखं मोठ्यानं पुकारेल. पेढीवर ऐकू जाईल. जाऊ दे. मी तोवर दारात येईन.

आत्ता वॉकर दोनदा वाजला. म्हणजे मी. पाकीट बंद करून जाते.

तुझी
आई